पद्धत आणि माणूस : कार्लो अँचेलोत्तीची वाटचाल



या व्याख्यानमालेत आजवर संतसाहित्यावर, नाट्यसंगीतावर, इतिहासावर अधिकारी माणसे बोलून गेली. त्या पंगतीत एका होमिओपॅथी डॉक्टरने बसायचे आणि फुटबॉलवर बोलायचे, हे कार्यवाहांना सुरुवातीला अंमळ चमत्कारिकच वाटले. पण आपले बेळगाव छावणीचे गाव आहे. कॅम्पातल्या मैदानांवर चेंडूमागे धावलेली पिढी आज या सभागृहात पांढऱ्या केसांनी बसलेली मला दिसते आहे. त्यांना विषयाची ओळख करून द्यायला नको. इतरांनी तासभर सहन करावे, ही विनंती.

मीही शाळेत 'हाफ' खेळत असे. आमच्या वेळी मध्यरक्षक हा शब्द कोणी वापरत नसे. पुढचे ते फॉरवर्ड, मागचे ते बॅक आणि मधले ते हाफ. आमचे घर जैन, त्यामुळे दिवस मावळण्याआधी जेवण. खेळ ऐन रंगात आला की मैदानाच्या कडेला धाकटा भाऊ येऊन उभा राहायचा आणि आईचा निरोप सांगायचा. माझ्या खेळाचा शेवट दररोज असा व्हायचा. पण हाफच्या जागेवर उभे राहिल्याने एक गोष्ट कळली. मागच्याला पुढचे दिसते, पुढच्याला पुढचेच दिसते. मधल्याला मात्र दोन्हीकडे मान वळवावी लागते.

आज ज्याच्याबद्दल बोलणार आहे तो कार्लो अँचेलोत्ती असाच मधला खेळाडू. आपली वर्तमानपत्रे त्याचे नाव अँसेलोटी असे छापतात. युरोपातल्या क्लबांचा सर्वोच्च चषक खेळाडू म्हणून दोनदा आणि प्रशिक्षक म्हणून पाच वेळा त्याने जिंकला. प्रशिक्षक म्हणून पाच वेळा तो दुसऱ्या कोणीही जिंकलेला नाही. मला मात्र त्याच्या चषकांपेक्षा त्याच्या एका चुकीत अधिक रस आहे. १९९७ साली त्याने एका माणसाला दारातून परत पाठवले. ते का पाठवले, आणि त्यानंतर तो काय शिकला, हाच आजचा विषय. तो माझ्यापेक्षा थोडासाच मोठा आहे, आणि खेळाडूचा उल्लेख एकेरीत करण्याची आपली रीत आहे. तेव्हा मीही एकेरीतच बोलेन.

कार्लोचा जन्म १० जून १९५९ रोजी उत्तर इटलीतल्या रेज्जोलो या गावी झाला. हा एमिलिया प्रांताचा सपाट, दुधदुभत्याचा मुलूख. वडील ज्युझेप्पे शेतकरी. गाई पाळायचे आणि दुधाचे चीज करायचे. त्या भागातले पार्मेझान चीज निदान बारा महिने मुरल्याखेरीज विकायला काढत नाहीत. आज कष्ट करा आणि पैशाची वाट वर्षभर पाहा, असा तो धंदा. या घरातला मुलगा पुढे शांत स्वभावाचा म्हणून ओळखला गेला, त्याचे फारसे नवल वाटू नये.

जवळच्या पार्मा क्लबकडून तो तिसऱ्या श्रेणीत खेळू लागला. तेव्हा तो आक्रमकांच्या किंचित मागे, गोल करायच्या जागेवर खेळत असे. १९७९ साली दुसऱ्या श्रेणीत चढण्यासाठी त्रिएस्तिना संघाशी निर्णायक सामना झाला, त्यात त्याने दोन गोल केले. लगेच रोमा क्लबने त्याला उचलले. वीस वर्षांचा खेड्यातला मुलगा राजधानीत आला.

रोमाचे प्रशिक्षक होते नील्स लीडहोम. हे स्वीडिश गृहस्थ स्वतः एके काळचे नामांकित मध्यरक्षक. १९४९ पासून मिलानकडून खेळले आणि पुढे इटलीतच राहिले. त्या काळच्या इटलीत बचावाची रीत ठरलेली होती. समोरचा एक माणूस पकडायचा आणि तो जाईल तिथे त्याच्या मागे जायचे. लीडहोम यांनी माणसाऐवजी जागा राखायला शिकवले. शिवाय चेंडूची घाई करायची नाही, तो आपल्याकडे ठेवायचा, हाही त्यांचा आग्रह. ते आवाज चढवत नसत. कार्लोने त्यांच्याकडून खेळ जितका घेतला, तितकीच वागणूकही घेतली असावी, असे त्याची पुढची कारकीर्द पाहताना वाटते. त्याची जागाही बदलली. तो आता मैदानाच्या मध्यात, ब्राझीलच्या फाल्काओसारख्या खेळाडूच्या शेजारी खेळू लागला.

आणि इथे गुडघे आले. ऑक्टोबर १९८१ मध्ये फियोरेंतिनाविरुद्धच्या सामन्यात त्याच्या उजव्या गुडघ्याला मोठी दुखापत झाली. पुढच्या उन्हाळ्यात इटलीने विश्वचषक जिंकला. तेव्हा हा बाहेर होता. परत आला, आणि १९८३ साली रोमाने तब्बल एकेचाळीस वर्षांनी इटलीची लीग जिंकली, त्या संघात खेळला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये युव्हेंटसविरुद्ध खेळताना डावा गुडघा गेला. ३० मे १९८४ रोजी युरोपियन चषकाचा अंतिम सामना रोममध्येच, रोमाच्या स्वतःच्या मैदानावर होता. लिव्हरपूलने तो पेनल्टींवर जिंकला. आयुष्यात एखाद्यालाच घरच्या अंगणात असा सामना मिळतो. कार्लोला तो बाहेरून पाहावा लागला.

डॉक्टर म्हणून थोडे सांगतो. त्या काळी गुडघ्याच्या आतले बंध फाटले म्हणजे मोठी चिरफाड, लांबलचक विश्रांती आणि महिनोन्महिने स्नायूंना पुन्हा कामाला लावणे. आजच्यासारखी दुर्बिणीतून होणारी शस्त्रक्रिया सर्रास नव्हती. असा रोगी दोनदा उभा राहतो, तेव्हा त्याला एक गोष्ट पक्की कळलेली असते: पूर्वीसारखे धावणे आता होणार नाही. मग तो आधी कुठे उभे राहायचे याचा विचार करू लागतो. पायांतून गेलेला वेग डोक्यातून भरून काढावा लागतो. कार्लो पुढची आठ वर्षे अव्वल पातळीवर खेळला, तो या भरपाईवर.

१९८७ साली मिलानचे नवे प्रशिक्षक आरिगो साक्की यांनी त्याला मागून घेतले. गुडघ्यांचा इतिहास पाहून क्लब कचरत होता. साक्की हटले नाहीत. साक्की हे विलक्षण प्रकरण. व्यावसायिक फुटबॉल ते कधी खेळले नव्हते. वडिलांच्या जोड्यांच्या कारखान्याचे विक्रीचे काम करता करता प्रशिक्षक झाले. त्यांची पद्धत गणितासारखी रेखीव होती. चार बचावपटू, चार मध्यरक्षक, दोन आक्रमक. तिन्ही फळ्यांतले अंतर ठरलेले. चेंडू गेला की सर्वांनी मिळून पुढे चढायचे आणि समोरच्याला श्वास घेऊ द्यायचा नाही. सरावात ते कधी कधी चेंडूशिवायच अख्खा संघ मैदानभर हलवत, जशी छावणीत कवायत चालते.

या यंत्रात कार्लो मधला दट्ट्या होता. मिलानने १९८८ साली लीग जिंकली. १९ एप्रिल १९८९ रोजी युरोपियन चषकाच्या उपांत्य फेरीत रेआल माद्रिदला पाच-शून्य असे हरवले. त्यातला पहिला गोल लांबून मारलेला, कार्लोचा. ते वर्ष आणि पुढचे वर्ष, दोन्ही चषक मिलानचे. १९९२ साली मिलानने एकही सामना न हरता लीग जिंकली आणि कार्लो निवृत्त झाला. देशासाठी सव्वीस सामने आणि एक गोल. आकडा लहान दिसतो. गुडघे लक्षात घेतले तर तसा वाटत नाही.

साक्की तेव्हा राष्ट्रीय संघाकडे गेले होते. त्यांनी कार्लोला साहाय्यक म्हणून नेले. १९९४ चा विश्वचषक आपल्यापैकी अनेकांनी दूरदर्शनवर पाहिला असेल. अंतिम सामना १७ जुलैचा, अमेरिकेत पासाडेनाला; आपल्याकडे मध्यरात्र उलटून तारीखही बदललेली. इटली आणि ब्राझील, एकशे वीस मिनिटांत गोल नाही. शेवटी पेनल्टी. इटलीची शेवटची पेनल्टी मारायला आला रॉबेर्तो बाज्जो. त्या स्पर्धेत इटलीला अंतिम सामन्यापर्यंत ओढून आणणारा तोच. चेंडू आडव्या खांबावरून गेला आणि तो कमरेवर हात ठेवून, मान खाली घालून उभा राहिला. साक्कींच्या साहाय्यकांत कार्लो होता. या बाज्जोला लक्षात ठेवा. तो गोष्टीत परत येणार आहे.

१९९५ साली कार्लो स्वतंत्र प्रशिक्षक झाला, तो घराशेजारच्या रेज्जाना क्लबचा. पहिल्याच वर्षी संघ पहिल्या श्रेणीत चढला. लगेच पार्माने बोलावले. खेळाडू म्हणून जिथे सुरुवात केली, तिथेच तो प्रशिक्षक म्हणून परतला. संघ तरुण आणि गुणी: गोलात बुफ्फॉन, बचावात कान्नावारो आणि थुराम, पुढे क्रेस्पो. १९९७ साली पार्मा लीगमध्ये दुसरा आला, युव्हेंटसच्या दोनच गुण मागे. सदतीस वर्षांच्या प्रशिक्षकाला आपली पद्धत बरोबरच आहे असे वाटायला आणखी काय हवे?

पद्धत अर्थातच साक्कींची. चार, चार, दोन. आता ज्यांना या खेळाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. काही खेळाडू धड मध्यरक्षक नसतात आणि धड आक्रमकही नसतात. ते दोन फळ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत वावरतात आणि तिथून अनपेक्षित काहीतरी करतात. त्यांच्या पाठीवर बहुधा दहा हा आकडा असतो. चार-चार-दोनच्या चौकटीत त्यांच्यासाठी खण नाही. पार्मात असा एक होता, ज्यानफ्रांको झोला. कार्लोने त्याला कडेला खेळवले. झोला रमला नाही; नोव्हेंबर १९९६ मध्ये इंग्लंडला चेल्सीकडे गेला आणि त्याच हंगामात तिथल्या क्रीडापत्रकारांनी त्याला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडले.

दुसरा बाज्जो. १९९७ च्या उन्हाळ्यात मिलान त्याला सोडायला तयार होता आणि पार्माशी बोलणी जवळजवळ झाली होती. बाज्जोला आक्रमकांच्या मागे, आपल्या नेहमीच्या जागी खेळायचे होते. कार्लो म्हणाला, माझ्या रचनेत ती जागा नाही. बोलणी तिथेच संपली. बाज्जो बोलोन्याला गेला, त्या हंगामात लीगमध्ये बावीस गोल केले आणि १९९८ च्या विश्वचषकाच्या संघात परत आला. पार्मा मात्र त्या वर्षी खाली घसरला. आपली ती चूक होती, हे कार्लोने पुढे मुलाखतींत आणि पुस्तकांत मोकळेपणाने कबूल केले आहे.

इथे क्षणभर थांबून माझ्याच एका चुकीबद्दल सांगतो, कारण ही हकीकत वाचली तेव्हा मला तीच आठवली. दवाखाना सुरू करून तीन-चार वर्षे झाली होती. वडगावहून एक विणकर गुडघे दुखतात म्हणून आले. आमच्या शास्त्रात रोग्याची हकीकत सविस्तर घ्यायची असते. मीही घेतली, दुखणे सकाळी वाढते की रात्री, थंडीने की उष्णतेने, सगळे प्रश्न पुस्तकाबरहुकूम विचारले. औषध दिले आणि बजावले, महिनाभर माग बंद. ते मान हलवून गेले आणि परत आले नाहीत. दोनेक वर्षांनी पत्नीला घेऊन आले, तेव्हा मी विचारले, "काका, तुम्ही परत आलाच नाहीत?" ते म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही गुडघा बघितला, माग नाही बघितला. माग बंद ठेवला असता तर खायचं काय?" माझे प्रश्न चुकीचे नव्हते. पण त्या प्रश्नांत ज्याला खण नव्हता, ती गोष्ट मला दिसलीच नव्हती.

जैन दर्शनात 'नय' नावाची एक संकल्पना आहे. एका बाजूने पाहून केलेले विधान त्या बाजूपुरते खरे असते. तेच एकमेव सत्य आहे आणि बाकीच्या बाजू नाहीतच, असे धरले की तो 'दुर्नय' होतो. साक्कींची पद्धत खोटी नव्हती. तिने दोन युरोपियन चषक जिंकून दिले होते. पार्मातला कार्लो चुकला तो पद्धत धरली म्हणून नव्हे. पद्धतीबाहेरचा माणूस त्याला दिसेनासा झाला, म्हणून.

फेब्रुवारी १९९९ मध्ये तो युव्हेंटसला गेला. तिथे समोर झिनेदिन झिदान उभा होता. हाही दहाच्या जागेचा. पण बाज्जोला परत पाठवून दीड-दोन वर्षे झाली होती. या वेळी कार्लोने चौकट मोडली. मागे तीन, मधे चार आणि झिदान दोन आक्रमकांच्या मागे मोकळा. प्रशिक्षक म्हणून त्याच्या आयुष्यातले हे खरे वळण. चषकाच्या दृष्टीने पाहाल तर मात्र हाती काही लागले नाही. १४ मे २००० रोजी, लीगच्या शेवटच्या दिवशी, पेरुजाला ढगफुटीसारखा पाऊस झाला. सामना तासाहून अधिक वेळ थांबला, पुन्हा सुरू झाला, युव्हेंटस एका गोलने हरला आणि लीग एका गुणाने लाझिओकडे गेली.

पुढच्या वर्षीची गोष्ट तर कोणी कादंबरीत लिहिली असती तर ओढूनताणून आणली आहे असे आपण म्हणालो असतो. १ एप्रिल २००१. तुरिनमध्ये युव्हेंटस विरुद्ध ब्रेशिया. युव्हेंटस एक गोलने पुढे, सामना संपायला थोडीच मिनिटे उरलेली. ब्रेशियाच्या एका तरुण खेळाडूने मैदानाच्या मध्यातून लांब चेंडू उचलून दिला. पुढे धावणाऱ्याने तो हवेतून उतरतानाच पायावर झेलला, त्याच स्पर्शात गोलरक्षकाला बगल दिली आणि चेंडू जाळ्यात सारला. गोल करणारा चौतीस वर्षांचा रॉबेर्तो बाज्जो. चेंडू देणारा आंद्रेआ पिर्लो. सामना बरोबरीत सुटला, दोन गुण गेले. त्या वर्षी युव्हेंटस लीगमध्ये दुसरा आला, रोमाच्या दोन गुण मागे. अख्ख्या हंगामाचा हिशेब एका गोलवर मांडू नये, हे मला मान्य आहे. तरी युव्हेंटसच्या बाकावर बसलेल्या माणसाच्या मनात त्या क्षणी काय आले असेल, याचा विचार मी अनेकदा केला आहे.

त्यातला पिर्लो महत्त्वाचा. तोही मुळात दहाच्या जागेचा खेळाडू. पण ब्रेशियात ती जागा बाज्जोची होती. म्हणून तिथले वयोवृद्ध प्रशिक्षक कार्लो मात्सोने यांनी पिर्लोला खूप मागे, बचावपटूंच्या पुढ्यात उभे केले, तिथून सारे मैदान दिसते म्हणून. अडचणीतून निघालेली ही तोड. त्याच उन्हाळ्यात पिर्लो मिलानकडे गेला. युव्हेंटसने काढलेला अँचेलोत्ती नोव्हेंबरमध्ये मिलानचा प्रशिक्षक झाला. आता त्याच्यापुढे पार्माच्या उलटी अडचण होती. चौकटीत न बसणारे एक-दोन नव्हे, चार-पाच जण: पिर्लो, सेडॉर्फ, रुई कोस्ता, नंतर काका. पार्मातल्या अँचेलोत्तीने निम्मे विकले असते. मिलानमधल्या अँचेलोत्तीने विचारले, हे सगळे एकत्र खेळतील अशी रचना कोणती?

त्याने पिर्लोला मागेच ठेवले. वयाने, वेगाने, अंगकाठीने तो त्या जागेचा नव्हे असे रूढ मत होते. तिथे आडदांड, चेंडू हिसकावणारा माणूस लागतो असे समजत. त्या कामासाठी कार्लोने शेजारी गात्तुझोला उभे केले. गात्तुझोने धावायचे आणि पिर्लोने पाहायचे. २८ मे २००३ रोजी मँचेस्टरला याच मिलानने युव्हेंटसला पेनल्टींवर हरवून युरोपचा चषक जिंकला. २००४ साली लीग जिंकली. संघाची रचना कधी चार-तीन-दोन-एक अशी वर निमुळती होत जायची. इटलीत तिला नाताळचे झाड म्हणत.

दुसऱ्या टोकाची आठवण इस्तंबूलची. २५ मे २००५. मध्यंतराला मिलान लिव्हरपूलविरुद्ध तीन-शून्य पुढे. उत्तरार्धात सहा मिनिटांत तीन गोल खाल्ले आणि पेनल्टींवर चषक गमावला. असा पराभव पचवता न येऊन संघ मोडीत काढणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत. कार्लोने तीच माणसे ठेवली. मधल्या काळात इटलीतल्या सामने-व्यवस्थापनाच्या प्रकरणात मिलानचे गुण कापले गेले, तोही डाग त्या क्लबवर आहे. २३ मे २००७ रोजी अथेन्सला पुन्हा लिव्हरपूलच समोर आले आणि मिलान दोन-एक जिंकला.

पुढचा प्रवास झपाट्याने सांगतो. २०१० साली चेल्सीबरोबर इंग्लंडची लीग आणि चषक एकाच वर्षी. लीगमध्ये एकशे तीन गोल. वर्षभराने दुसरा क्रमांक आला, तर शेवटचा सामना संपल्याबरोबर, त्याच मैदानाच्या आवारात, नोकरी गेल्याचे सांगण्यात आले. २०१३ साली पॅरिसबरोबर फ्रान्सची लीग. २०१४ साली रेआल माद्रिदबरोबर लिस्बनला युरोपचा चषक. तिथे त्याने कडेने पळणाऱ्या दी मारियाला मध्यात आणले होते. एका वर्षाने तिथूनही निरोप. २०१७ साली बायर्नबरोबर जर्मनीची लीग. एप्रिल २०२२ मध्ये रेआलबरोबर स्पेनची लीग जिंकली, आणि युरोपातल्या पाचही मोठ्या लीग जिंकणारा तो पहिला प्रशिक्षक ठरला. पुढच्याच महिन्यात युरोपचा चषकही. २०२३ साली रेआलचा मुख्य आक्रमक बेंझेमा निघून गेला आणि त्याच्या तोडीचा दुसरा मिळाला नाही. कार्लोने आक्रमकाची जागा जवळजवळ रिकामीच सोडली आणि तरुण मध्यरक्षक बेलिंगहॅमला मागून त्या मोकळ्या जागेत धावू दिले. १ जून २०२४ रोजी लंडनला पाचवा चषक. ज्या जागेसाठी त्याने एके काळी बाज्जोला नाही म्हटले, तीच जागा त्याने इथे मुद्दाम तयार केली. मे २०२५ मध्ये त्याने ब्राझीलच्या राष्ट्रीय संघाची सूत्रे घेतली.

हे ऐकून कोणाला वाटेल, की मग माणूस ओळखला म्हणजे सगळे साधते. तसे नाही, या गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मिलानमध्ये इतके मोठे खेळाडू हाताशी असून सात-साडेसात वर्षांत लीग एकदाच जिंकता आली. बायर्नमध्ये सराव सैल आहे अशी कुरकूर होती आणि सप्टेंबर २०१७ मध्ये, दुसरा हंगाम सुरू होतो न होतो तोच, त्याला काढले. नापोलीत क्लब आणि खेळाडू यांच्यातल्या भांडणात तो मधेच अडकला. डिसेंबर २०१९ मध्ये चार-शून्य जिंकलेल्या सामन्यानंतर काही तासांत गेला. प्रत्येकाचे ऐकून घेणाऱ्याचा संघ कधी कधी कोणाचेच ऐकत नाही. मैदानाबाहेरही डाग आहे: २०१४ सालच्या उत्पन्नावरचा कर चुकवल्याबद्दल माद्रिदच्या न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये त्याला एक वर्षाची शिक्षा आणि दंड सुनावला, स्पेनच्या रीतीप्रमाणे अशी पहिली, अल्प शिक्षा सहसा तुरुंगात भोगावी लागत नाही. चरित्र सांगताना हे गाळले तर ती आरती होईल.

तरीही मला हा माणूस सांगण्याजोगा वाटतो. मोठ्या गुरूकडून मिळालेली पद्धत अनेकांजवळ असते. ती जिंकूनही देते. आणि जिंकून देणारी पद्धत तपासायला कोण बसतो? कार्लोने ती तपासली, ती एका नुकसानीमुळे. आणि तपासताना त्याने साक्कींना टाकून दिले नाही. फळ्यांमधले अंतर, सर्वांनी मिळून बचाव करणे, हे त्याच्या संघांत पुढेही राहिले. लीडहोम यांचा शांतपणाही राहिला. फक्त प्रश्नांचा क्रम बदलला. आधी तो विचारत असे, माझ्या रचनेत हा कुठे बसतो? नंतर विचारू लागला, हा असा आहे, तर रचना कशी हवी?

आपल्या या मंडळातही, घरातही, शाळेतही आपण मुलांना काही चौकटी देतो. त्या दिल्याच पाहिजेत. चौकटीशिवाय खेळ होत नाही. पण दारात एखादा बाज्जो येऊन उभा राहतो, तेव्हा आपल्या हातात फक्त तक्ता असतो की डोळेही असतात, एवढे ज्याने त्याने पाहावे.

त्या विणकर काकांनंतर माझ्या केसपेपरवर मी हाताने एक ओळ वाढवली. ती कोणत्याही पुस्तकात नाही. 'दिवसभर काय करता आणि ते बंद ठेवले तर घर कसे चालेल?' मी हा प्रश्न आता सगळ्यांत आधी विचारतो. तरीही चुकायचे थांबलो आहे असे म्हणवत नाही. गेल्याच महिन्यात एका आजींना मधेच तोडले आणि त्या गप्प बसल्या, ते मला रात्री आठवले. दुसऱ्या दिवशी फोन करून त्यांना पुन्हा बोलावले.